तांब्याच्या तारेची मूठ

मच्छिंद्रला नाक्यावर अडवलं तेव्हा त्याच्या मोटारसायकलवर म्हशींसाठी कापलेल्या कडवळाचा भारा होता आणि भाऱ्यात कोयता खोचलेला होता. त्याच्या आज्याच्या काळापासून कोयता रानातून असाच घरी येत होता. आधी बैलगाडीतून यायचा, मग सायकलवरून, आता मोटारसायकलवरून. पण त्या दिवशी पोलिसांनी भारा सोडायला लावला. भर रस्त्यात कडवळ पसरलं. मच्छिंद्रला कडेला उकिडवं बसवलं. कंपन्यांत जाणाऱ्या माणसांच्या गाड्या त्याच्याकडे बघत बघत, त्या हिरव्या कडवळावरून चाकं घालून पुढे गेल्या.

बजरंग हवालदार तिथे आला म्हणून तो सुटला.

"सोडा रे ह्याला. आपला दूधवाला आहे हा," बजरंग म्हणाला.

घरी आल्यावर मच्छिंद्रने भारा गोठ्यापुढे टाकला आणि तसाच ओट्यावर बसून राहिला. त्याचे वडील सर्जेराव म्हशीच्या पाठीवरून ओला हात फिरवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोडलं न्हवं? मग झालं," ते म्हणाले.

"दूधवाला म्हणून सोडलं आप्पा. रानातनं आलो म्हणून न्हाई."

आई मथुराबाई चुलीपासून बोलली, "झालं कसं? सोडलं म्हंजे त्यांनी उपकार केला. उपकार करणारा माणूस आज ना उद्या काय तरी मागायला येतो."

 बायकोला सगळ्यातच काळंबेरं दिसतं, असं सर्जेराव एरवी म्हणत. ह्या वेळी म्हणाले नाहीत.

त्यांची वस्ती वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून आत, ओढ्याकाठी. शहर वाढत वाढत आलं आणि एक दिवस वस्ती शहरात गेली. रानं बिल्डरांच्या ताब्यात गेली होती, पण जिथे अजून खोदकाम लागलं नव्हतं तिथे वस्तीतली माणसं कडवळ, मका, घास करत आणि म्हशी सांभाळत. तीन बाजूंना उंच इमारती आणि मध्ये हिरवा तुकडा, असं ते रान दिसे. पूर्वी भांडणतंटा पोलीसपाटलापुढे मिटायचा. आता वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची चौकी झाली, तिच्यापुढच्या खांबावर कॅमेरा बसला. शहरात कुठे कुठे पोरं कोयते नाचवत फिरली, गाड्या फोडल्या, पेपरात फोटो आले. तेव्हापासून कोयता हा शब्दच नासला. हार्डवेअरच्या दुकानात कोयता मागितला की दुकानदार आधी आधारकार्ड मागायचा, मग म्हणायचा, "संपलेत."

चौकीत चहाला सर्जेरावांच्या घरचं दूध जात होतं. वस्तीत सगळ्यांना ते माहीत होतं, आणि तोवर कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी पात्याला काम नसतं. कोयता, विळा, कुऱ्हाड, खुरपं, घरातली विळीसुद्धा, सगळ्यांना विसावा. आदल्या दिवशीच दोन दिवसांचं कडवळ कापून ठेवायचं आणि सगळी हत्यारं सर्जेरावांच्या अंगणात आणून टाकायची, ही वस्तीची जुनी रीत. लोहाराचा भाता पूर्वी त्यांच्याच लिंबाखाली लागायचा, म्हणून. आता भाता नव्हता. दत्तोबा लोहार मोपेडवर धारेचं मशीन घेऊन यायचा, पण बसायचा त्याच लिंबाखाली. धार लावून झाली की हत्यारं तिथेच मुक्कामाला राहत. सकाळी मथुराबाई त्यांची पूजा करी आणि दसरा झाल्यावर ज्याचं त्याला जाई.

सर्जेरावांना प्रत्येक कोयता ओळखू यायचा. पाती सगळी दत्तोबाच्या हातची, एकसारखी. पण मूठ माणसाच्या हातासारखी होते. कुणाची अंगठ्यापाशी झिजते, कुणाची करंगळीपाशी. बांधापलीकडच्या भैरूच्या कोयत्याची तर लांबूनच ओळख पटायची. मूठ उकलली होती आणि तिला तांब्याची तार गुंडाळलेली होती. त्याच्या आणि सर्जेरावांच्या सामाईक विहिरीवरची मोटर जळाली होती, तिच्यातली ती तार. भैरू गुंडाळत होता आणि सर्जेराव दुसरं टोक ताणून धरून बसले होते. काम झाल्यावर भैरू म्हणाला होता, "मोटर गेली, पर मूठ तरी झाली."

सून शालूने एकेक कोयता उचलून घोंगडीवर मांडायला घेतला. एक तिने सासऱ्यांच्या हातात द्यायला पुढे केला.

"हातात नगं," सर्जेराव म्हणाले. "पातं हातातनं हातात देऊ न्हाई, भांडान लागतं. भुईवर ठेव. म्या उचलतो."

मथुराबाईने ओल्या हाताने हळद लावली, मग कुंकू. कुंकू पात्यांवरून ओघळलं. झेंडूची फुलं वाहिली. ओळीने मांडलेली ती पाती उन्हात लखलखत होती. सर्जेरावांनी हात जोडले आणि नैवेद्याची वाट बघत ओट्यावर टेकले.

नैवेद्याच्या आधी पोलिसांची गाडी आली.

पुढे बजरंग होता, मागे चौकीतल्या नव्या फौजदारीणबाई. नीरजा मॅडम म्हणत त्यांना. वय लहान, बोलणं शहरातलं, स्वच्छ. त्यांनी बूट अंगणाबाहेर ठेवले नाहीत, पण घोंगडीवर पाय पडू दिला नाही. सगळ्या ओळीकडे शांतपणे बघितलं.

"हे सगळं तुमचं?"

"वस्तीचं हाय. खंडेनवमी हाय आज, मॅडम."

"मला माहीत आहे आज काय आहे ते. पण एवढी हत्यारं एका ठिकाणी ठेवायची तर कळवायला हवं होतं."

"पूजेचं कुणाला कळवायचं?"

"आम्हाला," मॅडम म्हणाल्या.

बजरंग सर्जेरावांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, त्या समोरच्या बिल्डिंगीतनं कुणीतरी गॅलरीतून फोटो काढला. कोयत्यांची रांग आणि वर सगळं लाल. पार वरपर्यंत फिरला तो फोटो. आता आम्हाला हात बांधून बसता येत नाही."

"आरं, कुंकू हाय ते!"

"मला कळतं हो. माझ्या घरी पण आज विळीला लावलंय. फोटोत कळत नाही ना."

गाडी दिसताच वस्तीतली दारं ओढली गेली होती. पंचनाम्याला दोन माणसं पाहिजेत म्हणून बजरंगने हाका मारल्या, पण कुणी बाहेर आलं नाही. शेवटी समोरच्या इमारतीचे दोन वॉचमन पंच म्हणून आले. त्यांनी वाचल्याशिवाय सह्या केल्या. हळदकुंकवासकट कोयते, विळे, कुऱ्हाडी, सगळं गोणपाटात भरलं गेलं. मथुराबाई फुलं गोळा करायला वाकली तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या मावशी, आहे तसंच न्यायचंय."

जाताना त्यांनी सांगितलं, "घाबरायचं काही कारण नाही. ज्याचा कोयता त्याने आधारकार्ड घेऊन चौकीत यायचं, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे, आपली वस्तू घेऊन जायची. एवढंच."

संध्याकाळी वस्ती लिंबाखाली जमली. लांबलांब बसली.  आधी सोजरबाई म्हणाली, "ठसे कशापायी? आमी काय कुनाचा गळा कापला?"

"म्या तर न्हाई जायाचा," दुसरा कुणी म्हणाला. "एकदा बोटं दिली की झालं. उद्या पुन्यात कुटंबी काय झालं की आपल्या दारात."

"पर त्यांना कळलं कसं?" तिसऱ्याने विचारलं.

सर्जेरावांनी फोटोचं सांगितलं. सगळ्यांनी मान वर करून समोरच्या इमारतीकडे बघितलं. गॅलरीत कपडे वाळत होते. कुठल्या गॅलरीत कोण राहतं, कुणालाच माहीत नव्हतं.

भैरू तंबाखू मळत म्हणाला, "फोटू. हां. आन ह्ये तुला सांगितलं कुनी?"

"बजरंगनं."

"बजरंगनं," भैरूने मान हलवली. "चौकीत रोज दूध कुनाचं जातंय, ते बी सांगितलं आसंल त्यानं."

कुणीतरी हसलं. सर्जेरावांना वाटलं, भैरू आता म्हणेल, 'चेष्टा केली रं.' भैरूने तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गेला.

भैरूचं ते बोलणं नुसतं टोचायला नव्हतं. त्याचा मुलगा संभाजी पावसाळ्यात कॉलेजच्या दारातल्या मारामारीत होता, किंवा नुसता उभा होता. पोलिसांनी त्याला दिवसभर बसवून ठेवला आणि सोडला. तेव्हापासून कुठे काही झालं की चौकीतून संभाजीला फोन येई, 'कुठे आहेस?' आणि पोरगा घरात असला तरी भैरूचा जेवणाचा हात थांबे.

कापून ठेवलेलं कडवळ संपलं. रानातलं उभं होतं, निसवायला, कणसं टाकायला लागलं होतं. कडवळ निसवलं की लगोलग कापावं लागतं. नाही तर त्याचं ताट दांड्यासारखं कडक होतं, म्हशी चघळतात आणि टाकून देतात. वस्तीत एकाच्याही घरी कडवळ कापायचं पातं नव्हतं. माणसं हातांनी उपटू लागली. ताट हिसका देऊन ओढलं की मुळासकट, मातीच्या ढेकळासकट वर येई. पानाची कड बोटांत घुसे. दुपारपर्यंत मच्छिंद्रच्या दोन्ही तळव्यांना चिरा पडल्या. मथुराबाईने हातांना फडकी बांधली, तर ताट निसटायला लागलं. तिने फडकी सोडून दिली.

घरात विळी तेवढी राहिली होती. शालू गोठ्यात विळी घेऊन बसली आणि भाजी चिरावी तसं कडवळ चिरू लागली. विळी कांद्याबटाट्याची, जाड ताटाला पुरेना. पाय ठेवायच्या फळीला तडा गेला. म्हशी गळ्यातले साखळदंड वाजवत तिच्याकडे माना वळवून उभ्या होत्या.

"मामंजी, ह्या किती वेळ आशा बघत राहनार?" शालू म्हणाली.

मग चौकीतून बोलावणं आलं. सर्जेराव टोपी सारखी करून गेले.

"बसा काका," नीरजा मॅडम म्हणाल्या. "चहा घेणार? घ्या. दूध तुमचंच आहे."

चहा समोर आला. सर्जेरावांनी कपाला हात लावला नाही.

"कुणीच येत नाही हो. आम्ही काय खातो का माणसं?" मॅडम म्हणाल्या. "एक मार्ग आहे. सगळं तुमच्या अंगणातून आणलंय. तुम्ही ओळखा, कुठला कुणाचा ते सांगा, मी तुमच्या ताब्यात देते. ठसे तुमच्या एकट्याचे. बाकीच्यांनी यायलाच नको."

"नावं लिवून घेनार?"

"लिहावी लागतील."

"त्याचं काय करनार?"

"काही नाही. नोंद राहील."

"काय करायचं न्हाई, तर लिवायचं कशाला?"

मॅडम हसल्या. कुत्सित हसल्या नाहीत. "काका, उद्या तुमच्याच घरचा कोयता चोरीला गेला आणि कुणी त्याने काही केलं, तर ही नोंद तुमच्याच कामाला येईल. विचार करा. मला घाई नाही."

त्यांना घाई नव्हती. घाई म्हशींना होती.

सर्जेराव परत आले आणि त्यांनी लिंबाखाली उभं राहून मॅडमचं म्हणणं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून एकेक जण वेगवेगळा येऊ लागला. एक जण विहिरीपाशी भेटला. एक जण गोठ्यामागे. "माजं नाव दिलंत तरी चालंल, पर म्या सांगितलं म्हणू नगा." सोजरबाई कुंपणापलीकडून, दुसरीकडे तोंड करून बोलली, जणू शेळीशीच बोलत होती, "आमच्यातल्या कुनाचं नाव लिवलं तरी आमाला काय कळनार हाय?" त्या दिवसभरात असं सगळं उरकलं. एक भैरू तेवढा आला नाही.

सर्जेरावांनी त्याची वाट बघितली. भैरू पलीकडच्या तुकड्यात पाठ करून कडवळ उपटत होता. मध्ये एक बांध होता. दोन ढांगांत ओलांडता आला असता. सर्जेराव बांधापर्यंत गेले, चपलेतली माती झटकली आणि माघारी आले.

"इचारलंत?" मथुराबाईने विचारलं.

"काय इचारायचं? त्याचं पोरगं त्यांच्या डोळ्यावर हाय. नाव द्या म्हणंल का त्यो?"

"मग काय करनार?"

"बगतो."

चौकीत जमिनीवर कोयते, विळे, सगळं मांडलं होतं. कुंकू वाळून काळं पडलं होतं, झेंडू कुजला होता. प्रत्येक पात्यावर, दत्तोबाच्या खुणेच्या ठोक्याशेजारी, मशीनने आकडा कोरला होता. सर्जेराव खाली बसले. एकेक हत्यार उचलत, मूठ चाचपत नाव सांगू लागले. बजरंग लिहीत होता. स्वतःचा कोयता त्यांनी स्वतःच्या नावावर सांगून बाजूला ठेवला. तांब्याच्या तारेचा तेवढा मागे राहील असं त्यांनी बघितलं. पण शेवटी तोच एक उरला.

तो मॅडमनी स्वतः उचलला. "ही तार छान गुंडाळली आहे. हा कुणाचा?"

सर्जेरावांनी बजरंगकडे बघितलं. बजरंग लिहायचं थांबून भिंतीकडे बघत होता. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.  हे सगळं ह्या एका मुठीसाठीच चाललंय, असं त्यांच्या मनात आलं. किंवा नसेलही. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"माजा," ते म्हणाले.

"तुमचा तर मघाशी बाजूला काढलात."

"त्यो बी माजाच."

"एका माणसाला दोन कोयते?"

"हात दोन हायेत, मॅडम."

बजरंगला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मॅडमनी तो कोयता दुसऱ्याशेजारी ठेवला.

"बरं. दोन तुमचे. मग दोन्हींची जबाबदारी तुमची. दर महिन्याला दाखवायला आणायचे. ह्यांपैकी एखादा भलत्या ठिकाणी सापडला, तर मी दुसऱ्या कुणाला विचारायला जाणार नाही. तुमच्याकडेच येईन."

मग सर्जेरावांची बोटं काचेवर ठेवून घेतली. बोटांना रानातल्या चिरा पडलेल्या होत्या. मशीन ठसा घेईना. बजरंगने ओल्या फडक्याने त्यांची बोटं एकेक करून पुसली, लहान मुलाची पुसावीत तशी, आणि पुन्हा दाबली.

गोणपाट अंगणात उघडलं तेव्हा दत्तोबा लोहारही आला होता. त्याने पात्यावरचा आकडा बघितला. "आता पोलिसांनी बी लोहारकी सुरू केली म्हना की," तो म्हणाला. एकदोघं हसले. ज्याने त्याने आपला कोयता उचलला, आकड्यावर अंगठा घासून बघितला आणि न बोलता घर गाठलं. थोड्याच वेळात रानातून कडवळ कापल्याचा सपसप आवाज येऊ लागला. किती दिवसांनी तो आवाज आला! म्हशींनी कान टवकारले.

भैरू सगळ्यांत शेवटी आला.

"माज्या नावाम्होरं काय लिवलं?"

"तुजं नाव न्हाई लिवलं," सर्जेराव म्हणाले. "माज्या नावावर घातला तुजा."

त्यांना वाटलं, भैरूचे डोळे भरून येतील. भैरूने उलट विचारलं.

"सगळ्यांची नावं दिलीस. माजंच का लपिवलंस?"

"आरं, संभाजीचं..."

"काय संभाजीचं?" भैरू पुढे आला. "माज्या पोरानं काय केलंय? सांग ना. म्हंजे त्यांना वाटतं तसंच तुला बी वाटतंय."

"तसं न्हाई भैरू."

"मग मला इचारलं का न्हाईस? बांधापातुर आल्यालं बघितलं म्या तुला. वाट बगत व्हतो, आता बोलंल, मग बोलंल. माजं नाव दे, म्हणूनच सांगनार व्हतो. लपवायसारखं काय हाय आमच्याकडं?"

 सर्जेरावांनी गोणपाटावरचा तारेच्या मुठीचा कोयता वाकून उचलला. आता तो भुईवर ठेवायचा आणि भैरूने उचलायचा. रीत तीच होती. साधी गोष्ट होती.

ते ठेवायला वाकले. आणि त्यांच्या कानात मॅडमचे शब्द आले, 'तुमच्याकडेच येईन.' आज हा भैरूच्या घरात जाईल. घरात संभाजी आहे. पोरगा चांगला आहे. लहानपणी ह्याच लिंबाखाली त्यांनी त्याला कोयता धरायला शिकवला होता. पण मारामारीत होता, की नुसता उभा होता? नक्की काय ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

हे सगळं एका श्वासात होऊन गेलं. पण तेवढा वेळ त्यांचा हात जमिनीपासून वीतभर वर तसाच राहिला. मूठ सुटेना. तांब्याची तार तळव्यातल्या चिरांना रुतत होती.

भैरूने तो थांबलेला हात बघितला. मग सर्जेरावांचं तोंड बघितलं.

"ऱ्हाऊ दे," तो सावकाश म्हणाला. "तुज्याच नावावर हाय ना? तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

"भैरू, घे रं. ह्ये बघ, ठेवला. उचल."

कोयता भुईवर ठेवलेला होता. भैरू पाठ फिरवून बांधाकडे चालू लागला होता. मथुराबाई दारात उभी होती. तिने ह्या वेळी काहीच म्हटलं नाही. म्हणाली असती तर सर्जेरावांना बरं वाटलं असतं.

भैरूने पुढे कुठून तरी एक जुना विळा मिळवला. त्या विळ्याने तो वाकून वाकून कडवळ कापतो. विळा बोथट आहे, पण धार लावायला तो दत्तोबाकडे लिंबाखाली येत नाही. विहिरीवरही दोघं वेगवेगळ्या वेळी जातात.

तारेच्या मुठीचा कोयता सर्जेरावांच्या गोठ्यात खुंटीला असतो. त्याला कुणी कामाला लावत नाही. महिन्याच्या महिन्याला सर्जेराव तो आणि स्वतःचा, दोन्ही फडक्यात गुंडाळून चौकीत नेतात, बजरंग आकडे बघतो, खूण करतो आणि विचारतो, "बाकी वस्तीत काय नवीन, आप्पा?" सर्जेराव म्हणतात, "काय न्हाई." चौकीतून परत येताना ते फडकं काखेत दाबून चालतात. कुणी बघत असेल का, असं त्यांना दरवेळी वाटतं. आणि कुणीतरी बघत असतंच.

जन्मभर ते सकाळी उठल्यावर आधी म्हशींकडे बघत आले. आता आधी खुंटीकडे बघतात. कोयता जागेवर असतो. मग बांधापलीकडे, संभाजीची गाडी दारात उभी आहे का, ते बघतात. मग म्हशींच्या पुढ्यात कडवळ टाकतात.